ठेकेदाराकडच्या बाईची तक्रार कोणी ऐकायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतीत सध्या फलक रंगवणाऱ्यांना बरे दिवस आले आहेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्देशांनंतर त्या कायद्यासाठी जिल्हा अधिकारी नेमणे, स्थानिक समित्या स्थापन करणे आणि सरकारी व खासगी आस्थापनांत अंतर्गत समित्या आहेत की नाहीत याची पाहणी करणे, या कामांना थोडा वेग आला. ज्या कारखान्यांनी तब्बल अकरा वर्षे हा विषय फायलीत बांधून ठेवला होता त्यांनीही मग समिती नेमून, सदस्यांची नावे व भ्रमणध्वनी क्रमांक छापून, फाटकाजवळ सुरक्षारक्षकाच्या खोलीशेजारी फलक टांगले. यात वाईट काही नाही. परंतु एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षे हजेरीचे मस्टर सांभाळलेली आणि त्यांतील अखेरची काही वर्षे अशाच एका समितीचे कामकाज लिहिणारी बाई म्हणून त्या फलकांत मला एक उणीव दिसते. फलकावरची सगळी नावे कायम नोकरीतल्या माणसांची आहेत, आणि रोज सकाळी त्या फलकाखालून आत जाणाऱ्या बायकांपैकी पुष्कळ जणी ठेकेदाराच्या आहेत. त्यांच्या दृष्टीने तो फलक म्हणजे साहेबलोकांची आणखी एक पाटी.

या बायका कोण, हे वसाहतीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. तयार मालाचे पॅकिंग, सुट्या भागांच्या कडा घासून काढणे, माल नजरेखालून घालून खोट बाजूला काढणे, साफसफाई, कँटीनमधली भांडी ही कामे आता जवळजवळ सगळीकडे ठेक्यावर दिली जातात आणि त्यांत बायकांचा भरणा असतो. आमच्या कारखान्यात कायम कामगाराच्या ओळखपत्राला निळी फीत असे आणि ठेक्यावरच्या माणसाला पिवळी. निळ्या फितीला कँटीनमध्ये सवलतीचे ताट मिळे. पिवळ्या फितीच्या बायका भंगाराच्या ढिगापलीकडे कडुनिंबाखाली डबे सोडत. शॉपमधल्या स्वच्छतागृहाची किल्ली निळ्या फितीकडे असे. पिवळ्या फितीने फाटकाजवळच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत जायचे आणि त्यात गेलेली दहा मिनिटे सुपरवायझरने वहीत मांडून ठेवायची. दिवाळीचा मिठाईचा पुडा कोणाला द्यायचा याची यादी मीच करीत असे, आणि तिच्यात पिवळी फीत नसे. याला भेदभाव म्हणतात हे तेव्हा आम्हा कोणाच्याच मनात आले नाही. ती पद्धत होती, आणि पद्धतीला कोणी नाव ठेवत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ साली आला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला लागू झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतील, एवढे बहुतेकांना पाठ असते, कारण फलकावर तेवढेच लिहिलेले असते. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या आहे आणि ती मात्र कोणी वाचत नाही. कायम, तात्पुरते, रोजंदारीवरचे, शिकाऊ, उमेदवार, मानधनाविना काम करणारे स्वयंसेवक, आणि ठेकेदारामार्फत आलेले, हे सगळे तिच्यात कर्मचारी ठरतात, मग मुख्य मालकाला, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याला, त्यांच्या असण्याची खबर असो वा नसो. शेवटचे शब्द माझ्या पदरचे नाहीत, कायद्यातच तसे म्हटले आहे. म्हणजे 'ती आमच्या मस्टरवर नाही' हे उत्तर कोणी देईल हे कायदा लिहिणाऱ्यांना आधीच ठाऊक होते आणि त्यांनी ते दार लावून घेतले होते.

आणि ते त्यांना ठाऊक असायलाच हवे होते. हा सारा कायदा ज्या प्रकरणातून उभा राहिला त्यातील भंवरी देवी या तरी कुठे कायम नोकरीत होत्या? राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून त्या मानधनावर काम करीत. १९९२ साली त्यांनी एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला, त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला, आणि १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडून दिले. त्यानंतर महिला संघटनांच्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली ती 'विशाखा' नावाने ओळखली जातात, आणि आमच्याकडे आजही शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे या समितीला विशाखा समितीच म्हणतात. त्या तत्त्वांची अंमलबजावणी होत नाही म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर न्यायालयाला २०१२ साली पुन्हा बजावावे लागले. मग कायदा झाला, त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून मे २०२३ मध्ये गोव्यातील एका विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा कान उपटले, आणि त्याच प्रकरणात डिसेंबर २०२४ चे निर्देश आले. मानधनावरच्या एका बाईपासून सुरू झालेली ही गोष्ट बत्तीस वर्षांनी निळ्या फितीपाशी येऊन थांबली आहे.

हे सगळे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत आहे असे कोणास वाटू नये, म्हणून माझ्या हातून घडलेले सांगते. तक्रारदार स्त्रीची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करण्यास कलम १६ ने मनाई आहे आणि ती योग्यच आहे, त्यामुळे वर्ष, खाते आणि कामाचे स्वरूप मी वगळले आहे.

पहिली पाळी सुटताना एक बाई टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. गर्दी ओसरेपर्यंत ती कडेला उभी राहिली आणि मग हजेरीचे कार्ड खिडकीतून आत सरकवून म्हणाली, "ताई, माझं कार्ड बघा की जरा. मी रोज सुट्टीपर्यंत असते." कार्डावर त्या महिन्यात अकरा ठिकाणी पेन्सिलीने अर्धा दिवस मांडलेला होता. फाटकावरच्या रजिस्टरात त्याच अकरा तारखांना तिची येण्याची वेळ पावणेसातच्या आसपास आणि जाण्याची साडेतीननंतरची होती. ठेकेदाराच्या सुपरवायझरने सुटल्यावर मोटारसायकलवरून सोडतो म्हणावे, हिने नको म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी अर्धा पडावा, असा तो हिशेब होता. त्याखेरीज हातमोजे देताना तो हात धरून ठेवी, आणि ओव्हरटाइम कोणाला मिळणार हे तो सर्वांदेखत जे बोलून सांगे ते येथे लिहिण्यासारखे नाही.

मला त्या दिवशी बसलेला धक्का तिच्या सांगण्याचा नव्हता. ते अर्धे दिवस मी आधीच पाहिले होते. ठेकेदाराचे मस्टर दर महिन्याला माझ्याच टेबलावर येई, फाटकाच्या रजिस्टराशी मीच ते ताडून पाही आणि माझ्या सहीनंतरच त्याचे बिल पुढे लेखा विभागाकडे जाई. परंतु आमची तपासणी एकाच बाजूने चालत असे. फाटकावर नसलेली हजेरी मस्टरवर चढली तर कंपनीचे पैसे जातात, म्हणून ती आम्ही लाल शाईने पकडत असू. फाटकावर असलेली हजेरी मस्टरवरून उतरली तर बिल कमीच होते, आणि कमी झालेल्या बिलाबद्दल लेखा विभाग कधी प्रश्न विचारीत नाही. तिचा छळ दरमहा माझ्यासमोर आकड्यांत मांडून येत होता आणि मी त्याखाली 'तपासले' असे लिहून सही करीत होते.

तिला लिहिता येत नव्हते, म्हणून तिची तक्रार मी लिहून घेतली. तक्रार लेखी देणे शक्य नसेल तर समितीने ती लिहून घेण्यास सर्वतोपरी साहाय्य करावे असे कलम ९ मध्ये आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. ती माणुसकी वाटली म्हणून केले. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात. त्या काढायला वसाहतीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावे लागले, तेव्हा दुकानदार मजकूर वाचत नाही ना, याकडे तिचे सारखे लक्ष होते. तक्रार समितीपुढे गेली. मनुष्यबळ विभागाचे व्यवस्थापक चांगले गृहस्थ होते, मुद्दाम कोणाचे वाईट करणारे नव्हते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "ही आपल्या मस्टरवर नाही. आपण चौकशी केली तर उद्या ती कायम नोकरीचा दावा लावेल." या एका वाक्याने बैठक संपली. कार्यवृत्तात 'तक्रारदार ही आस्थापनेची कर्मचारी नसल्याने अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित ठेकेदाराकडे वर्ग करण्यात येत आहे' असे लिहिले गेले, आणि ते अक्षर माझे आहे.

ठेकेदाराकडे चाळीसच्या वर माणसे होती, म्हणजे कायद्याने त्यालाही समिती नेमणे भाग होते. त्याचे कार्यालय एका दुकानाच्या माळ्यावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि पी.एफ.च्या फायलींचे कपाट एवढेच होते. चार दिवसांनी तिचे कार्ड गठ्ठ्यात आले नाही. विचारल्यावर कळले की तिला 'ब्रेक दिला'. सलग नोकरीचे दोनशे चाळीस दिवस भरू नयेत म्हणून अधूनमधून ब्रेक देणे ही ठेक्यातली नेहमीची रीत, त्यामुळे यात कोणाला वावगे दिसले नाही. काढून टाकल्याचे पत्र नाही, कारण नाही, फाटकावर फक्त गेटपास रद्द झाल्याची नोंद. सुपरवायझरची बदली त्याच ठेकेदाराच्या दुसऱ्या कारखान्यातील कामावर झाली. तेथेही पॅकिंगला बायकाच आहेत. कर्मचारी या शब्दाची व्याख्या मी पुढे एका प्रशिक्षणात प्रथम वाचली, तोवर तक्रारीची तीन महिन्यांची मुदत आणि समितीला वाढवून देता येणारे आणखी तीन महिने, दोन्ही उलटून गेले होते.

माझी आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात होती. साताऱ्याकडच्या पुष्कळ घरांतून अशी एखादी आजी निघेल. वाइंडिंग-रीळिंगच्या बायकांवर त्या काळी 'नायकीण' असे आणि पुरुषांवर जॉबर. कामावर घेणे, काढणे, बदली देणे हे त्यांच्या मर्जीवर चाले आणि त्या मर्जीची दस्तुरी द्यावी लागे. १९३१ साली कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या रॉयल कमिशनच्या अहवालात जॉबरच्या हातून भरती काढून घ्या अशी शिफारस झाली, आणि पुढे संघटनांच्या रेट्याने ती सत्ता हळूहळू मोडली. ती मोडायला दोन पिढ्या लागल्या. आज ठेकेदाराचा सुपरवायझर ज्या पेन्सिलीने अर्धा दिवस मांडतो ती जॉबरचीच पेन्सिल आहे असे मला वाटते. फरक इतकाच की जॉबर निदान गिरणीच्या पगारपत्रकावर होता.

आजोबा विणकाम खात्यात होते आणि त्यांची एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मागावरच्या धोट्यातले सूत संपले की नवे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवा अशी मागणी लावून धरली होती. आजोबा हे सारे जुन्या काळची गंमत सांगावी तसे सांगत, आणि आम्हीही तसेच ऐकत असू. गिरण्या गेल्या, धोटे गेले. साफसफाईच्या ठेक्यात मात्र गटाराचे झाकण उघडायचे असले की सुपरवायझर आधी आडनाव आणि गाव विचारतो, हे मी निवृत्तीच्या वर्षीही माझ्या खिडकीतून पाहिले आहे. यावर समिती काय करणार? तिचे काम लैंगिक छळापुरते आहे. अस्पृश्यता आणि जातीय अत्याचार यांविरुद्ध स्वतंत्र कायदे आहेत, अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे, बाळंतपणाच्या रजेचा १९६१ चा कायदा होता, त्याची जागा २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. परंतु खासगी कारखान्याने कामावर घेताना किंवा काम वाटताना जात, धर्म, लग्न झालेले असणे, दिवस गेलेले असणे यांवरून एखाद्याला डावलले, तर त्या सगळ्याची एका ठिकाणी दाद लागेल असा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. संविधानाचे पंधरावे आणि सोळावे कलम मुख्यतः सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये झाला, त्यालाही भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. हा विषय मोठा आहे आणि तो माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी लिहावा.

ज्यांना कारखान्याचे फाटकसुद्धा नाही त्यांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी, किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. ती समिती कोठे बसते हे आमच्या बसस्थानकावर उभे राहून शंभर बायकांना विचारले तर एकीलाही सांगता येईल असे मला वाटत नाही. तिच्या सदस्यांना नियमांत दिवसाला दोनशे रुपये भत्ता ठरवला होता. तेवढ्यावरून तिचे सरकारदरबारी असलेले मोल कळते. आमच्या जिल्ह्यात दरवर्षी गळिताच्या हंगामात बीड, धाराशिवकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल नवऱ्याच्या हाती पडते, आणि खाडा झाला की दंड दोघांच्या उचलीतून वळता होतो. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, फडात तोडते, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवते आणि हिशेबात तिचे स्वतंत्र नाव नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत २०१९ साली ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये हेही त्यामागचे एक कारण असल्याची चर्चा तेव्हा झाली होती. अशा बाईला मुकादमाने त्रास दिला तर कारखाना म्हणतो ती मुकादमाची, आणि मुकादम म्हणतो ती तिच्या नवऱ्याची. पिवळ्या फितीच्या बाईला निदान फीत तरी आहे.

आता मला जे सुचवायचे आहे ते सांगते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ठेकेदाराचे बिल कसे पास होते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते लगेच पटेल. दर महिन्याच्या बिलाला मस्टरची प्रत, पगारपत्रक, पी.एफ.चे चलन आणि ई.एस.आय.चे, म्हणजे कामगार विम्याचे, चलन जोडावे लागते. एक चलन नसेल तर बिल अडते, आणि माझ्या एकतीस वर्षांत चलन जोडायला विसरलेला ठेकेदार मी अपवादानेच पाहिला. ही शिस्त प्रबोधनाने आलेली नाही. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मुख्य मालकाने द्यावा अशी जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घातली होती, ती अंगावर येऊ नये म्हणून कंपन्यांनी बिल अडवण्याची ही पद्धत स्वतःच लावून घेतली. पैशाच्या बाबतीत ठेकेदाराचा माणूस आपला आहे हे कंपन्या तेव्हापासून मानत आल्या आहेत. तोच न्याय छळाच्या तक्रारीला लावायचा आहे.

बिलासोबत आणखी एक कागद मागावा: या महिन्यात कोणत्या बायकांची नावे मस्टरवरून गेली आणि का. त्यांपैकी एखादीची तक्रार समितीपुढे असेल तर समितीचा शेरा आल्यावाचून बिल पुढे जाऊ नये. गेटपास रद्द करण्याचा अधिकार ठेकेदाराच्या एका फोनवर चालतो, तो चौकशी सुरू असेपर्यंत समितीच्या लेखी संमतीला बांधावा, आणि तशी अट वर्क ऑर्डरमध्येच घालावी. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीला नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची किंवा दोघांपैकी एकाची बदली करण्याची शिफारस समिती करू शकते असे कलम १२ सांगते; ब्रेक दिलेल्या बाईला रजा कशातून देणार? टाइम ऑफिसने फाटकाचे रजिस्टर आणि मस्टर दोन्ही बाजूंनी ताडून पाहावे, आणि एकाच बाईचे अर्धे दिवस वारंवार पडत असतील तर ते लाल शाईत यावे. संगणकावर हजेरी असलेल्या ठिकाणी तर हे काम पाच मिनिटांचे आहे. शिवाय समितीवर ठेक्यावरची एक स्त्री घ्यावी. समितीत कर्मचाऱ्यांपैकी सदस्य घ्यायचे असतात आणि कर्मचाऱ्याच्या व्याख्येत ती बसते, तेव्हा कायद्याची हरकत असण्याचे कारण नाही. समिती दरवर्षी जो अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे पाठवते त्यात ठेक्यावरच्या स्त्रियांची संख्या आणि त्यांच्या तक्रारी वेगळ्या दाखवाव्यात, असे पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाने काढले तर अर्धे काम होईल.

यावर येणारी उत्तरे मी समितीच्या बैठकांत इतक्यांदा ऐकली आहेत की ती मला तोंडपाठ आहेत. खोट्या तक्रारी वाढतील, हे पहिले. जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद कलम १४ मध्ये आहेच. मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी होती असे धरू नये, हेही त्याच कलमात स्पष्ट केले आहे, आणि ते वाक्य वाचून दाखवले की बैठकीत थोडा वेळ शांतता पसरते. दुसरे उत्तर, मुख्य मालकाने चौकशी केली तर ती बाई कायम नोकरी मागेल. ही भीती मी समजू शकते, पण तिचा येथे संबंध नाही. या कायद्याखाली एखादी स्त्री कर्मचारी ठरते ती या कायद्यापुरती, आणि सुरक्षित वातावरण देण्याची कलम १९ ची जबाबदारी तर कारखान्यात ज्यांच्या-ज्यांच्याशी तिचा संबंध येतो त्या सर्वांपासूनच्या सुरक्षिततेची आहे, मग ती माणसे कोणाच्याही पगारपत्रकावर असोत. तिसरे उत्तर कोणी उघड देत नाही: समिती नेमली नाही तर होणारा पन्नास हजारांचा दंड परवडतो. ८ मार्चला गुलाबाची फुले, फेटे आणि पाहुण्यांचे भाषण यांवर होणारा खर्च मी पाहिला आहे, त्यामुळे हे उत्तर मनातल्या मनात का होईना दिले जात असणार याबद्दल मला शंका नाही.

बाहेरच्या सदस्याविषयीही दोन शब्द. ही व्यक्ती कंपनीच निवडते, कंपनीच बोलावते, आणि पुष्कळदा तीच व्यक्ती वसाहतीतल्या अनेक समित्यांवर असते. यांतील काही बायका मनापासून काम करतात, आणि मला व्याख्येचे कलम दाखवणारी त्यांपैकीच एक होती. परंतु जी सदस्य वर्षातून एकदा चहाबिस्किटांच्या बैठकीपुरती येते, तिला भंगाराच्या ढिगापलीकडे कडुनिंबाखाली कोण बसते हे कळणार कसे? तिने आल्यावर सभागृहात जाण्याआधी पाळी बदलताना अर्धा तास फाटकावर उभे राहावे, एवढेच मी सुचवीन.

त्या बाईचे पुढे काय झाले असे कोणी विचारले तर मला नक्की सांगता येत नाही. ती दुसऱ्या ठेकेदाराकडे दुसऱ्या कारखान्यात लागली असे तिच्याबरोबरच्या बायका म्हणत. तेथे फितीचा रंग कोणता होता हे मी विचारले नाही.

या पत्राच्या प्रती काढायला गेले तेव्हा सवयीने सहाच काढल्या. एक आपणाकडे पाठवीत आहे, एक जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, एक जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, एक कामगार खात्याकडे आणि एक वसाहतीतील कारखानदारांच्या संघटनेकडे. सहावी मी ज्या कारखान्यात नोकरी केली तेथील टाइम ऑफिसात, सध्या माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला नेऊन देणार आहे. ठेकेदारांची बिले आता तिच्या सहीने पुढे जातात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टाइम ऑफिस कर्मचारी, सातारा
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)